साठ मिलिमीटरची चकती

भगवान पाटलांच्या घरात व्हॅक्यूम हा शब्द फक्त त्यांच्या मालकीचा होता. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये ते बावीस वर्षं फिटर होते आणि तिथला व्हॅक्यूम पंप त्यांच्याखेरीज कोणाला दाद देत नसे. रंगाईतून निघालेलं ओलंचिंब कापड एका फटीवरून सरकतं, खालून पंप ओढ देतो, पाणी पाइपात जातं आणि कापड पुढच्या रोलरला पोचेपर्यंत निम्मं वाळलेलं असतं. ही हकिकत गोडादऱ्यातल्या त्यांच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चहाबरोबर एकदा तरी ऐकलेली होती. मयुरीने ती स्वतःच्या बघण्याच्या कार्यक्रमातच ऐकली. तिला बारावीला सायन्स होतं असं कळल्यावर नानांनी, म्हणजे भगवान पाटलांनी, तिला पोह्यांची ताटली खाली ठेवायला लावून पंपाच्या काट्याचे आकडे सांगितले. ती एकटीच मन लावून ऐकत होती, म्हणून स्थळ पसंत पडलं, असं तिचा नवरा महेश अजून सांगतो.

तिच्या पहिल्या बाळंतपणात नेमका हाच शब्द आडवा येईल, हे मात्र त्या दिवशी पत्रिका बघणाऱ्यालाही दिसलं नसतं.

दिवस भरून वर पाच दिवस गेले तरी बाळाचं डोकं खाली उतरायचं नाव घेईना. शेवटी बुधवारी सकाळी, नाक्यावरच्या हॉस्पिटलात सिझेरियन करायचं ठरलं. पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखालचं शरीर परकं झालं आणि छातीसमोर हिरवा पडदा लागला. पडद्याच्या अलीकडची मयुरी मात्र टक्क जागी होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्यामुळे तिच्या नजरेला कामही मिळालं.

दहा वाजून सतरा मिनिटांनी डॉक्टरबेन बोलायच्या थांबल्या. तोवर त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना वराछाच्या पुलावरच्या ट्रॅफिकबद्दल सांगत होत्या. पोटाच्या वरच्या बाजूने कोणीतरी कोपरभर वजन टाकून दाबत होतं, दुखत नव्हतं पण श्वास दबत होता. डोकं फार वर आहे, हात खालून घालून ते नीट धरता येत नाही, बळेच घातला तर चीर फाटेल, असं काहीसं बोलणं झालं. मग डॉक्टरबेनने डोक्याला लावून ओढायचा व्हॅक्यूमचा कप मागितला. पिचकारीसारख्या हातपंपाचा टर्र, टर्र, टर्र असा आवाज आला आणि काटा हिरव्या पट्ट्यात आल्याचं कोणीतरी सांगितलं. पुढच्याच क्षणी मयुरीला पोटातून गादीची खोळ उलटी करून ओढावी तशी एक ओढ जाणवली आणि मग रडणं ऐकू आलं. दहा वाजून एकवीस मिनिटं. मुलगी होती.

वॉर्डात आणल्यावर मयुरीने लेकीचं टोपडं मागे सरकवून पाहिलं. टाळूच्या मागच्या बाजूला कोणी इडली ठेवून विसरल्यासारखा गोल, जांभळट फुगवटा होता. राउंडला आलेल्या डॉक्टरबेनने फोनवरची नजर न काढता, "ए तो एनी मेळे बेसी जशे", म्हणजे आपोआप बसेल, म्हणून सांगितलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. या समजावणीला नऊ सेकंद लागले. उरलेलं काम शीतल सिस्टरवर आलं. ती मूळची चोपड्याची, बोलायला तिखट आणि हाताने हलकी. तिने सांगितलं की कपाखाली कातडी वर ओढली जाते आणि तिच्यात थोडं पाणी साचतं, म्हणून हा फुगवटा दिसतो. उद्यापरवापर्यंत तो जिरतो. पण क्वचित कातडीखाली आतल्या आत रक्त उतरू लागतं, तेव्हा सूज पसरते, मऊ पडते, कानाकडे आणि मानेकडे सरकते. तसं झालं तर एक मिनिटही घालवायचं नाही. म्हणून तिने बॉलपेनने फुगवट्याच्या कडेकडेने एक गोल रेघ काढली.

"ही रेघ म्हणजे राखण," ती म्हणाली. "सूज रेघेच्या आत तोवर निवांत राहा. रेघ ओलांडली की मला हाक मार. चोळायचं नाही, दाबायचं नाही, शेकायचं नाही, तेल नाही. कोणालाच हात लावू देऊ नको."

जाताना तिने मयुरीलाही ताकीद दिली. खोकायचं नाही, हसायचं नाही, टाके ओढतील. अगदीच आवरलं नाही तर उशी पोटाशी घट्ट धरायची. मयुरीने मान हलवली. त्या घडीला हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. पाय दगडासारखे पडले होते, ते जागे झाले तरी उद्यापर्यंत उठायला मनाई होती, आणि पाळणा तिच्या हातापासून बरोबर एक वीत लांब होता. या परिस्थितीत तिला पोरीचं डोकं सगळ्या पाटील घराण्यापासून राखायचं होतं.

महेशने बापाला फोन लावून आनंदाची बातमी दिली आणि शेवटी, सहज म्हणून, व्हॅक्यूमने काढल्याचं सांगितलं. पलीकडे मशिनांचा आवाज होता, तरी नानांचा आवाज बदललेला मयुरीला खाटेवरून कळला. त्यांनी नातीचं वजन विचारलं नाही, काटा कितीवर होता ते विचारलं. महेश मार्केटात ब्लाउजपीस कापायचं काम करी आणि बापाचा शब्द खाली पडू देत नसे. त्याने शीतल सिस्टरला गाठून आकडा काढला. पाचशेच्या वर.  त्यावर नाना म्हणाले की त्यांच्या पंपाचा काटा साडेतीनशेवर असतो, आणि तेवढ्यात शंभर मीटर कापड कोरडं होतं. त्यांनी फुगवट्याचा फोटो मागितला, शेजारी टेप ठेवून. महेशच्या खिशात टेप होतीच. अकरा वाजता फोटो गेला.

साडेअकरापर्यंत निष्कर्ष तयार झाला. मयुरीच्या सासूला, इंदुबाईंना, तो फोनवर कळला, आणि त्या पाळण्याशेजारी बसून पदराने डोळे पुसू लागल्या.

"डाक्तरस्नी पोरना डोकानं पानी वढी लिधं, माय."

एकदा सिद्धांत मिळाला की पुराव्यांना तोटा नसतो. पोर झोपली, तर मेंदू कोरडा पडल्यामुळे. पोरीने जांभई दिली, तर तहान लागल्यामुळे. दुपारी ती खच्चून रडली तेव्हा मयुरीला वाटलं, आता तरी शंका फिटेल. पण इंदुबाईंनी वाकून तिचे डोळे निरखले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"रडस, पन डोयामा पानी नही," त्या महेशला म्हणाल्या.

शीतल सिस्टरने सांगून पाहिलं की नवजात बाळाच्या डोळ्यांत पाणी येतच नाही, काही आठवडे जावे लागतात, वॉर्डातल्या पाचही बाळांचे डोळे बघून घ्या. इंदुबाईंनी एक एक करून पाचही बघितले. पाचही कोरडे निघाले. तेव्हा हे हॉस्पिटलच तसलं असल्याचं त्यांनी महेशला हळूच सांगितलं. दोनच्या सुमाराला गोडादऱ्याच्या सोसायटीत बातमी पोचली की भगवान फिटरच्या नातीचा मेंदू सुकवला. मयुरी कशी आहे हे त्यात कुठे आलं नाही. खरं तर ती बरी होती, तहानलेली होती, आणि तिला पाणी प्यायला मनाई होती.

चार वाजता सखुबाई आल्या. सोसायटीतल्या निम्म्या पोरांची डोकी त्यांनी गोल करून दिली होती, असं त्या स्वतः सांगत. उरलेल्या निम्म्यांबद्दल विचारायची कोणाची टाप नव्हती. त्यांनी कमरेच्या बटव्यातून तेलाची बाटली काढली, इंदुबाईंनी पाळण्याशी जागा करून दिली, आणि मयुरीने नको नको म्हणेपर्यंत सखुबाईंचा तेलात बुडवलेला अंगठा पोरीच्या डोक्यावरून फिरला होता. मयुरी अशी ओरडली की तिचे टाके तिलाच ऐकू आले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. शीतल सिस्टर धावत आली, सखुबाईंना मागे सारून पोरीच्या डोक्यावर वाकली आणि थबकली.

रेघ नव्हती. अंगठ्याखाली निम्मी रेघ पुसली गेली होती, उरलेली तेलात पसरून निळा डाग झाली होती.

ती सखुबाईंना जे बोलली ते सगळं इथे सांगायला नको. मग खालच्या आवाजात मयुरीला म्हणाली की सूज मला तरी वाढलेली वाटत नाही, पण वाटण्यावर भागत नाही, आधीची कड कुठे होती ते आता कोण सांगणार? डॉक्टरबेन आत दुसऱ्या ऑपरेशनला उभ्या होत्या. त्यांना विचारून येते, तोवर कोणी हात लावला तर त्याचा हात बांधून ठेव, असं सांगून ती गेली.

ती वळली आणि मयुरीला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती पाळण्याकडे बघत राहिली. बघता बघता फुगवटा मोठा वाटायचा, पापणी मिटून उघडली की लहान. सखुबाई भिंतीशी बसून, अपमान गिळून, दर दोन मिनिटांनी सांगत होत्या, "वाढी ऱ्हायनं, वाढी ऱ्हायनं." आणि इंदुबाई प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. मयुरीला त्यांचं म्हणणं खोटं ठरवायचं होतं, पण ठरवणार कशाने? रेघ गेली होती.

पाचला नाना आले. मिलचा निळा शर्ट तसाच अंगावर होता, खिशाला व्हर्नियर कॅलिपर अडकवलेलं. त्यांनी नातीकडे बघितलं, सुनेकडे बघून घसा खाकरला आणि पिशवीतून जुन्या फलालीन कापडात गुंडाळलेली एक वस्तू काढली. पितळेची चकती होती. लेथवर चढवलेली, कडा मारलेल्या, आरशासारखी चकचकीत, आतल्या बाजूला डोक्याच्या गोलाईप्रमाणे हलकासा खोलगट. मिलच्या वर्कशॉपमध्ये दुपारी बसून त्यांनी ती स्वतः केली होती. सोबत चार इंची क्रेप बँडेज.

त्यांनी महेशला समजावलं, म्हणजे सगळ्या वॉर्डाला समजावलं. उणा दाब दिला तर तेवढाच अधिक दाब दिल्याशिवाय हिशेब मिटत नाही. चकती थोडी कोमट करायची, फुगवट्यावर बसवायची, वरून बँडेज आवळायचं. रात्रभर राहिली की वर ओढलेलं सगळं परत खाली जाईल, पाण्यासकट. महेशने चकती हातात घेऊन तोलली. चांगली पाव किलो होती. सखुबाईंनीही उठून पाहिली आणि ती कोमट करायला गरम पाणी आणण्याची तयारी दाखवली. तेलाच्या बाबतीत झालेला गैरसमज असा दूर झाला.

मयुरीने आधी शास्त्राचा आधार घेतला. कापडातून हवा आरपार जाते म्हणून तिच्याबरोबर पाणी जातं, ती म्हणाली. इथे हवा कुठून कुठे जाणार? कप नुसता कातडीला धरून बसतो, टाइलला चिकटवलेल्या खुंटीसारखा. डोक्यातून हवा आरपार जाते का, नाना?

"काहींच्या जाते," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली.

नाना तिच्याकडे वळलेच नाहीत. सुनेला ते म्हणाले की बारावीचं पुस्तक वेगळं आणि बावीस वर्षांचा पंप वेगळा. इंदुबाईंनी पोरीचं उशाशी पडलेलं टोपडं उचलून घेतलं. सखुबाई बँडेजची गुंडाळी सोडू लागल्या. महेश मध्ये पडेल म्हणून मयुरीने त्याच्याकडे बघितलं, तर तो बँडेजचं दुसरं टोक धरून उभा होता.

तिने पाय हलवून बघितले. ते हलले, पण टाक्यांनी कळ दिली. उठता येणार नव्हतं, ओरडून एकदा झालं होतं, शास्त्र संपलं होतं. मग तिची नजर नानांच्या खिशावरच्या व्हर्नियरवर गेली. हा माणूस घरातल्या नळाचा वायसर बदलायचा तरी आधी माप घेई, मग परत एकदा घेई. दिवाळीत आणलेला कंदील खिळ्याला टांगण्याआधी त्याने खिळ्याची जाडी मोजली होती.

"नाना," ती म्हणाली, "चकती किती मापाची?"

"साठ मिलिमीटर. पॉइंट शून्य पाच इकडे नाही, तिकडे नाही."

"आणि सूज किती होती?"

"साठ. अकरा वाजताच्या फोटोवरून काढली."

"मग बसवण्याआधी फिटिंग बघणार नाही?"

नानांचा हात थांबला. महेशकडे, सखुबाईंकडे, बँडेजकडे त्यांनी असं बघितलं की जणू या लोकांनी त्यांच्याकडून मोठा गुन्हा करवून घेतला असता. अर्थातच बघणार होते, ते म्हणाले. फिटिंग न बघता पार्ट कोण चढवतो?

"टेकवू नका हं. वरून धरून बघा."

त्यांनी पाळण्यावर वाकून चकती पोरीच्या डोक्यावर बोटभर अंतरावर धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ तसेच राहिले. पितळेच्या कडेबाहेर फुगवटा कुठेच दिसत नव्हता. उलट चारी बाजूंनी पितळच पुरून उरत होतं. त्यांनी चकती महेशच्या हातात दिली, व्हर्नियर काढलं, त्याचे जबडे कातडीला न लावता दोन्ही कडांच्या वर धरले, स्क्रू आवळला आणि उजेडाकडे नेऊन वाचलं.

"बावन्न," ते म्हणाले.

"तुमचं माप चुकलं असेल," मयुरी म्हणाली.

 इंदुबाईंच्या हातातलं टोपडं तसंच राहिलं. या घरात नानांना म्हातारे म्हटलेलं चालत असे, हट्टी म्हटलेलं चालत असे, एकदा व्याह्यांनी कंजूष म्हटलं तेही चाललं होतं. माप चुकलं असं मात्र अजून कोणी म्हटलं नव्हतं.

"माझं माप चुकत नाही," नाना म्हणाले.

"मग अकरापासून पाचपर्यंत सूज आठ मिलिमीटर कमी झाली. कोणी काही न करता."

नानांनी व्हर्नियर परत वाचलं. मग ते पाळण्याशेजारच्या स्टुलावर बसले आणि ओठ हलवत हिशेब करू लागले. सहा तासांत आठ. म्हणजे बावन्नला एकोणचाळीस तास. शुक्रवारी सकाळी आठ वाजता सूज शून्य होईल, असं त्यांनी जाहीर केलं, आणि तोवर चालू मशीनमध्ये कोणी हात घालायचा नाही. सखुबाईंनी बँडेज गुंडाळायला घेतलं. सूज अशी दर तासाला सारखी उतरत नसते हे मयुरीला माहीत होतं, पण तिने तोंड उघडलं नाही.

शीतल सिस्टर डॉक्टरबेनना घेऊन आली तेव्हा नाना पाळण्यापुढे उभे होते आणि त्यांनाही हात लावू देईनात. आधी हात धुतले का विचारलं. डॉक्टरबेनने फुगवटा बोटांनी हलके चाचपला, कानामागे बघितलं, मानेशी बघितलं, टेपने डोक्याचा घेर मोजून सकाळच्या आकड्याशी ताडून पाहिला. घेर तेवढाच होता, सूज घट्ट होती, जागेवर होती, उतरत होती. शीतलने नवी रेघ काढली. ती रेघ साठची नसून बावन्नची असल्याचं नानांनी तिला केसपेपरवर लिहायला लावलं.

गुरुवारी दुपारपर्यंत इडलीची पुरी झाली, संध्याकाळी पुरीही गेली. टाळूमागे नुसता फिकट गोल डाग उरला. एकोणचाळीस तासांच्या कितीतरी आधी सूज गेल्याचं महेशने लक्षात आणून दिलं, तेव्हा आपण वरची मर्यादा सांगितली होती असं नाना म्हणाले. भेटायला आलेल्या शेजाऱ्यांना वॉर्डाच्या दाराशी अडवून ते सगळं पहिल्यापासून सांगत होते. मापावर लक्ष ठेवलं म्हणून पोर वाचली. डॉक्टरना तर एका रेघेपलीकडे काही सुचलं नव्हतं. सखुबाई त्याच शेजाऱ्यांना जिन्यात गाठून सांगत की अंगठा एकदाच फिरला, पण बरोबर जागी फिरला. इंदुबाईंनी बुधवारीच दृष्ट काढून मीठ-मोहरी नाल्यात टाकली होती, तेव्हा त्यांना कोणाशी वाद घालायची गरज वाटली नाही. चकतीला भोक पाडून ती पाळण्यावर टांगायचं ठरलं होतं.

महेश खाटेशी येऊन बसला. बापाच्या सांगण्यावरून तो अकरा वाजताचा फोटो प्रिंट करायला देणार होता, फ्रेमसाठी. कसा दिसतो म्हणून त्याने फोन मयुरीपुढे धरला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला.

पोर कुशीवर होती. फुगवटा कॅमेऱ्याच्या अगदी पुढे, आणि टेप खाली, पाळण्याच्या गादीवर, फुगवट्याच्या चांगली चार बोटं मागे पडलेली. जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान, त्यामुळे मागच्या टेपवर वाचलेलं माप खऱ्यापेक्षा जास्तच येणार. साठची सूज साठ कधी नव्हतीच. पंचावन्न असेल, फार तर छप्पन्न. नानांचं माप चुकलं होतं, आणि त्या चुकीवर तिने अख्खं घर अडवून धरलं होतं.

दाराशी नाना कोणालातरी पॉइंट शून्य पाच समजावत होते.

"काय झालं?" महेशने विचारलं. "फोटो चांगला नाही का?"

"चांगलाय," मयुरी म्हणाली. "ती उशी दे आधी."

त्याने उशी दिली. तिने ती पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरली, तोंड उशीत घातलं, आणि टाक्यांची पर्वा न करता हसत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं. इंदुबाईंनी ते लांबून बघितलं आणि महेशला खूण करून सांगितलं की बाळंतिणीला पोरीची काळजी लागून राहिलीय, तिला एकटं सोडू नको.